घुमटाचा पट्टा

आमच्या मांद्र्याच्या घरात एकच नळ होता आणि तो गळत होता. वाड्यावरच्या बाकीच्या घरांत नळच नव्हता, त्यामुळे गळण्याचा प्रश्न नव्हता. सगळे आपले विहिरीवर दोर ओढत. आमच्याकडे मात्र माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, विहिरीपाशी चिऱ्यांचा उंच चौथरा बांधून त्यावर टाकी बसवली होती, एक जुना पंप खोलून पुन्हा जिवंत केला होता आणि टाकीतून लोखंडी पाइप थेट आईच्या चुलीपर्यंत आणला होता. ज्या दिवशी पितळी चावी पहिल्यांदा फिरवली त्या दिवशी शेजारणी हात धुवायला म्हणून आल्या आणि चहा पिऊन गेल्या. आई त्या नळाला दर शनिवारी चिंच लावून घासत असे. देवाच्या समईनंतर घरात सर्वांत चकचकीत वस्तू तीच होती.

आबा आमोण्याच्या धक्क्यावरून खनिज वाहणाऱ्या बार्जीवर इंजिन सांभाळत. पंधरा दिवसांनी घरी येत, तेही गुरुवारी संध्याकाळी येऊन शनिवारी परत. पण त्या दीड दिवसात आमच्या बलकांवावर, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, माणसांची रांग लागलेली असे. कुणाचा स्टोव्ह, कुणाच्या शिवणयंत्राची शटल, कुणाच्या सायकलचा फ्रीव्हील. गावात त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे, मेस्त म्हणत. आमच्याकडे ज्याच्या हातात कसब त्याला मेस्त म्हणण्याची पद्धत. आबा वस्तू आधी कानाशी धरत, मग बोटांनी चाचपत, आणि बऱ्याचदा पाना न लावताच काय बिघडलंय ते सांगून टाकत. मला त्यांचा इतका अभिमान होता की शाळेत पोरी आपल्या वडिलांच्या नोकऱ्या सांगत तेव्हा मी गप्प बसत असे. त्यांना वाईट वाटायला नको!

त्या पावसाळ्यात आबा नेहमीपेक्षा लवकर घरी आले आणि परत गेलेच नाहीत. पावसात नदीला ओढ असते, बार्जी थांबतात, असं ते म्हणाले, आणि ते खरंही होतं. फक्त दर वर्षी पावसातही इंजिनांची कामं काढून ते आमोण्यालाच राहत, हे मला त्या वेळी आठवलं नाही. मी अकरावीत होते. त्या वयात आपल्याला सगळं कळतं अशी खात्री असते, म्हणून कुणाला काही विचारायची गरज पडत नाही.

नळ गळायला लागला तो त्याच सुमाराला. आधी एक थेंब, मग श्वास घ्यायला वेळ मिळेल इतक्या अंतराने दुसरा. खाली तांब्याची कळशी असे. रिकाम्या कळशीत थेंब ‘टंग’ करी, अर्धी झाली की ‘टुब’, आणि काठोकाठ भरत आली की आवाज अगदी बारीक होई. मी तांदळाच्या डब्याच्या झाकणावर बोटांनी त्या थेंबाशी ताल धरून आरतीचे बोल वाजवत बसे. आबा चवथीला गणपतीपुढे घुमट वाजवत, आणि त्यांचे ते बोल लहानपणापासून माझ्या कानात बसले होते. आई ओरडायची, “अगो, तो डबो फुटात! चेडवानी घुमट वाजवचो नसता.” घुमट पुरुषांनी वाजवायचा, पोरींनी नव्हे. मग तिने नळाच्या तोंडाला सुताची एक लांब वात बांधली. थेंब तिच्यावरून घरंगळत निमूट कळशीत उतरू लागला. आवाज बंद झाला, गळणं चालूच राहिलं. घरातल्या पुष्कळ गोष्टींवर आईचा हाच उपाय असे, हे मला आता वाटतं.

आबांनी नळ दुरुस्त केला नाही असंही नाही. आल्या आल्या आत जाऊन बघितला आणि म्हणाले, वायसर गेलाय. वायसर म्हणजे चावीच्या दांड्याच्या टोकाला असलेली ती छोटी चकती, जी दाबली गेली की पाणी थांबतं. आबांच्या पत्र्याच्या डबीत बार्जीवरचे चामड्याचे वायसर होते, चांगले जाड, वर्षानुवर्षं टिकणारे. पण ते बघताच आई चुलीपासून उठली. “चामड्याची वस्तू माझ्या रांदपाच्या पाण्यात? चवथ येता. नैवेद्याचां पाणी ह्याच नळाचां. तां चामडां भायर न्हेवा आदी.” आमच्याकडे वहाणासुद्धा बलकांवाच्या पायरीखाली राहत, उंबऱ्याच्या आत येत नसत. मग आबांनी सायकलच्या ट्यूबची चकती कापून कशीबशी बसवली. ती पंधरा दिवसांत लिबलिबीत झाली. गळती पुन्हा सुरू. घरातला जो तो जाता-येता चावी अधिक जोराने पिळायचा, आणि जितकी पिळावी तितकी ती जास्त गळायची. आबा ते बघत आणि बाहेर जाऊन बसत.

रांगही आता लागत नव्हती. कुणी आलं तर आबा म्हणत, “ठेवन जा, बघतंय मगे.” वस्तू तशीच पडून राही आणि माणूस आठवड्याने उचलून नेई. सकाळी पाव विकणारा पोदेर भोंगा वाजवत आला की आम्ही सगळे पडवीतल्या मेजाभोवती बसून गरम पाव चहात बुडवून खायचो. त्या पावसाळ्यात आबा तिथे बसेनासे झाले. माझा चहा आत ठेव, मी मागाहून घेतो, म्हणत. दाढीसुद्धा न्हाव्याकडे जाऊन करून येत. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मी त्याचा सरळ अर्थ लावला होता: आबा आळशी झाले.

चवथीला चार दिवस होते. आई नेवऱ्यांचं सारण भाजत होती, घरभर खोबरं आणि वेलचीचा वास होता. आबांचे चुलतभाऊ नानूकाका माटोळीसाठी सुपाऱ्यांचा घोस घेऊन आले होते. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळांची चौकट, आणि सुपाऱ्या दर वर्षी नानूकाकांच्याच. ते पाणी प्यायला आत गेले, ती सुताची वात बघितली आणि हसत बाहेर येऊन म्हणाले, “मेस्ता, तुझ्या नळाक शेंबूड इलो मरे!” सगळे हसले. आणि मी, जिला बापाचा एवढा अभिमान, मीच पुढे होऊन म्हटलं, “दिव्याखाली अंधार, काका! गावच्या मेस्ताचो नळ गावात सगळ्यात जास्त गळता.” नानूकाका आणखी मोठ्याने हसले. आबाही हसले. त्यांचे दोन्ही हात काखेत होते. आईच्या हातातला कलथा मात्र थांबला, आणि तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला वाटलं, सारण करपलं की काय.

आज सदुसष्टाव्या वर्षी हे लिहिताना त्या वाक्याने मला अजून कानकोंडं होतं. माणूस किती वाईट बोलू शकतो हे त्याच्या शिव्यांवरून कळत नाही. म्हणी वापरताना कळतं.

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळीच नळ फुटला. फुटला म्हणजे मीच फोडला. पातोळ्यांसाठी हळदीची पानं धुऊन झाल्यावर मी रागाने चावी पिळली, आत काहीतरी ‘कच्’ झालं आणि चावी कितीही पिळली तरी पाणी थांबेना. थेंबाची धार झाली, धारेचा लोट. कळशी भरली, बालदी भरली, पाणी चुलीकडे निघालं. आईने तांदळाच्या पिठाचं परातडं उचलून डोक्यावर धरलं. “टाकीकडली चावी बंद करा!” ती ओरडली. आबा धावत बाहेर गेले, मी त्यांच्यामागे.

टाकीखाली पाइपवर एक लहानसं चक्र होतं. आबांनी ते धरलं. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा उजवा हात त्या चक्रावर फडफडू लागला. पाऊस पडत होता, मला वाटलं हात निसटतोय. त्यांनी डावा हात वर ठेवून उजवा दाबून धरला. दोन्ही हात थरथरू लागले. चक्र हललं नाही. “गंजला,” आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “गंजला गो ह्यां.” मी पुढे होऊन चक्र धरलं आणि ते दोन बोटांनी फिरलं. मुळीच गंजलं नव्हतं. आबांनीच त्याला दर महिन्याला तेल घातलं होतं.

आम्ही तसेच पावसात उभे राहिलो. आतून पाण्याचा आवाज थांबला. मला चहा आठवला, न्हावी आठवला, काखेत धरलेले हात आठवले, आणि माझी ती म्हण आठवली. मी रडायला लागले. आबा म्हणाले, “रडा नको. चल, वायसर बघूया.” बस्स, एवढंच. त्या माणसाने माझ्यावर क्षमा मागायची वेळसुद्धा आणली नाही.

आत आल्यावर खरा पेच होता. ट्यूबच्या चकतीचे दोन तुकडे झाले होते. चवथीच्या आदल्या दिवशी पेडण्याच्या बाजारात लोखंडी सामानाचं दुकान उघडं मिळायचं नाही, आणि उद्या घरात तीसेक माणसं. विहीर होतीच. पाण्यावाचून काही अडलं नसतं. अडलं होतं ते आबांचं नाव. नानूकाकांपासून सगळे उद्या येणार आणि मेस्ताच्या घरात मेस्ताने बसवलेला नळ मोडून पडलेला बघणार, आणि मग कुणीतरी विचारणारच, का रे? आईने सावकाश परात खाली ठेवली आणि म्हणाली, “तुमच्या डबीतलो चामड्याचो घाला. देव समजान घेतलो.” तिचं सोवळं मला ठाऊक होतं. हे म्हणताना तिने काय गिळलं असेल तेही त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं.

आबा उठले. देवखोलीत खुंटीवर घुमट टांगलेला असे. मातीचं गोल गाडगं, एका तोंडावर कातडं ताणलेलं, आणि आरतीला उभं राहून वाजवताना गळ्यात अडकवायला रुंद चामडी पट्टा. (तेव्हा घुमटाला घोरपडीचं कातडं असे. आता त्याला बंदी आहे, बकऱ्याचं लावतात, आणि आवाजही चांगला येतो. जुनं ते सगळंच सोनं नसतं.) आबांनी घुमट उतरवला, आईसमोर आणून ठेवला आणि पट्ट्यावर बोट ठेवलं. “ह्या पट्ट्यान माझ्या बापाशीच्या येळेपासून देवासमोर आरत्यो ऐकल्यानी. ह्याच्यापेक्षा सोवळां चामडां तुका खंय गावतला?”

आई पट्ट्याकडे बघत राहिली. मग तिने हळूच उद्याचं विचारलं, “आणि फाल्यां आरतीक?”

“आरतीक माझो हात आता चलाचो नाय गो,” आबा म्हणाले.

आईला सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. चहा आत ठेवणारी तीच, वात बांधणारीही तीच. पण आबांच्या तोंडून हे घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. आमोण्याचं इंजिन दुसऱ्याच्या हाती दिलंय, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं. आईने पदराने डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं, आणि उठून पट्टा विहिरीच्या पाण्याने धुऊन आणला. नाही म्हटलं तरी तेवढी खबरदारी तिने घेतलीच.

“सुलू, माझो वस्तरो हाड,” आबा मला म्हणाले. दाढीचा वस्तरा डबीत कोरडा पडला होता, तो मी आणला. फाटक्या चकतीचे तुकडे मी जुळवून पट्ट्यावर ठेवले आणि त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवली. आबा शेजारी पाटावर बसले, हात मांडीखाली दाबून. पुढचा तासभर त्यांनी एकदाही हात बाहेर काढला नाही, आणि तरी ते सगळं काम त्यांनीच केलं असं मला वाटत राहिलं. “चामडां काप नको, चिर. वस्तरो ओढ, दाब नको.” माझी पहिली चकती एका बाजूने चेपकी झाली. ते रागावले नाहीत. “पट्टो लांब आसा,” म्हणाले. दुसरी जमली. मधोमध आईच्या दाभणाने भोक पाडलं. मग कोमट खोबरेल तेलात चकती भिजत ठेवायला लावली. “कोरड्या चामड्याक पाणी हरवता. तेल पियालेल्या चामड्याक हरवणा नाय.”

मग नळ खोलायचा. पाना कुठे धरायचा, आटे कुठल्या बाजूने सुटतात, दांडा बाहेर आला की बोट आत घालून चकती टेकते तो काठ कसा चाचपायचा, सगळं ते नुसतं सांगत होते. मी बोट आत घातलं. “बसकेचो काठ लागता? गुळगुळीत आसा की खरखरीत?” मी म्हटलं, एका जागी खरखरीत. ते डोळे मिटून बसले होते. “म्हणानच ट्यूब फाटली. राखेन घास, हळू.” आईने चुलीतली चाळलेली राख दिली, मी चिंधीने घासलं. मला आजवर अनेक गुरू मिळाले, त्यांतले काही फार विद्वान होते. पण स्वतःचे हात मांडीखाली ठेवून दुसऱ्याच्या बोटाच्या टोकातून बघणारा गुरू मला दुसरा भेटला नाही.

शेवटी चकती दांड्यावर चढवली, नट बसवला, दांडा परत फिरवला. मी सवयीने चावी गच्च पिळायला गेले. “हां!” आबा पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. “चावी बंद करूची आसता, मारूची नाय. टेकली मगे थांब.” मी थांबले. टाकीखालचं चक्र उघडून आले. आम्ही तिघं नळाकडे बघत बसलो. तोंडाशी एक थेंब जमला, लोंबला, आणि पडला नाही. आईने ती सुताची वात सोडून चुलीत टाकली.

आता माझ्या घराभोवती पाहुण्यांच्या खोल्या झाल्या आहेत, डोक्यावरून मोप्याच्या विमानतळाची विमानं जातात. माझ्या पुतण्याच्या चार खोल्यांतले नळ बघायला बेळगावकडचा एक तरुण येतो. गुणी आहे. मला म्हणतो, आजी, आता वायसर कोण बदलतं, अख्खा नळ बदलायचा. मी त्याला चहा देते आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावू देत नाही. त्या पट्ट्याचे मी आजवर सहा वायसर कापले. अजून वीतभर पट्टा शिल्लक आहे. मला पुरेल.

चवथीच्या दिवशी दुपारी घर भरलं. मूर्तीवर माटोळी सजली, नानूकाकांच्या सुपाऱ्या मधोमध. आईने नळाच्या पाण्याने नैवेद्य रांधला: खतखतं, मुगागाठी, पातोळ्या. कुणाला काही जाणवलं नाही, देवाने काही तक्रार केली नाही. आरतीला पुरुष उभे राहिले, कासाळी, म्हणजे मोठे टाळ, हातात आली आणि नानूकाकांनी खुंटीवरचा घुमट उतरवला. “मेस्ता, पट्टो खंय रे?”

आईने नैवेद्याच्या पानावरून मान वर केली आणि क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, “उंदरान खाल्ल्यान.”

पुढ्यात गणपती आणि त्याच्या पायाशी मातीचा उंदीर, आणि आई त्याच्यावर आळ घेत होती. सोवळ्यात, नैवेद्याच्या पानासमोर, नवऱ्यासाठी. आजही मला तिच्या त्या खोटेपणाइतकी खरी गोष्ट आठवत नाही.

आबा दाराशी उभे होते, हात काखेत. ते पुढे आले. “उंदरान नाय खाल्लो,” ते म्हणाले. “नळात घातलो. वायसर कापलो तेचो.”

“तू कापलंस?” नानूकाकांनी विचारलं.

आबांनी हात काखेतून काढले आणि सगळ्यांसमोर पुढे धरले. उजवा थरथरत होता, डावा थोडा कमी. “ह्येंनी आता काय कापूचां जमणा नाय, नानू. माझ्या चेडवान केलो नळ. मी बसान बघी होतंय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सुलू, घुमट घे.”

मुलीने घुमट घ्यायची पद्धत नव्हती. मी आईकडे बघितलं. डबा फुटेल म्हणणारी माझी आई पान मांडत मांडत म्हणाली, “बस मगे, काय बघतंस? आरती ऱ्हवली.”

पट्टा नव्हता, म्हणून उभं राहून वाजवता येईना. मी मांडी घालून बसले, घुमट मांडीवर घेतला आणि मी बसले म्हणून नानूकाका बसले, मग एकेक करून सगळेच बसले. आमच्या घरात ती एकच आरती बसून झाली. मी दोनदा ताल चुकले. दोन्ही वेळा आबांनी पायाच्या अंगठ्याने जमिनीवर ठोका देऊन मला परत जागेवर आणलं.

आरतीनंतर आईने चहा आणला, आणि त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच आबांचा पेला तिने आत ठेवला नाही. आबांनी तो सगळ्यांच्या देखत दोन्ही हातांनी धरला. अर्धा चहा बशीत सांडला. नानूकाकांनी आपल्या पेल्यातला थोडा त्यांच्यात ओतला आणि विचारलं, “सुलू, माझ्या स्टोव्हाचो पंप जाम झालो हा. केव्हा हाडू?”